वर्गातील अध्यापनाला जोड म्हणून व्हॉट्सॲप वापरावे की टेलिग्राम?

मुंबईतील पदवी महाविद्यालयात मिश्र अध्यापनासाठी, म्हणजे वर्गातील आणि ऑनलाइन शिकवण्याची सांगड घालण्यासाठी, या दोहोंपैकी कोणते ॲप घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी दादर परिसरात वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला लेखाशास्त्र शिकवते. मी दोन्ही वापरते, मात्र त्यांची कामे वेगळी ठेवली आहेत.

व्हॉट्सॲपवर केवळ सूचना आणि ध्वनिसंदेश जातात. तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल, अशी सोय मी पहिल्याच दिवशी करून ठेवते. एरवी ‘येस मॅम’च्या रांगेखाली परीक्षेची तारीख गाडली जाते. कर्जत-कसाऱ्याहून येणारी मुले लोकलमध्ये उभ्यानेच ऐकतात, म्हणून ध्वनिसंदेश दोन मिनिटांहून मोठा नसतो आणि तो आदल्या रात्रीच पाठवते, म्हणजे घरीच डाउनलोड होतो.

प्रश्नांसाठी मात्र टेलिग्राम. पूर्वी मी व्हॉट्सॲपच्या पोलवर प्रश्न टाकत असे. त्यात कोणी काय निवडले ते सर्वांना दिसे आणि हुशार मुलीने बोट ठेवले की वर्ग तिच्यामागे जाई. टेलिग्रामच्या क्विझमध्ये नावे गुप्त ठेवता येतात. एकदा विचारले : १ ऑक्टोबरला ६०,००० रुपयांचे यंत्र घेतले, वार्षिक घसारा (वापरामुळे किमतीत होणारी घट) १० टक्के, ३१ मार्चला किती घसारा लिहाल? निम्म्याहून अधिक मुलांनी ६,००० निवडले. यंत्र सहाच महिने वापरले गेले, त्यामुळे उत्तर ३,०००. दुसऱ्या दिवशीचा तास मी ठरवलेला धडा बाजूला ठेवून महिने मोजण्यावरच घेतला. माझ्या मते मिश्र अध्यापन याला म्हणावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या संकल्पना-टिपणात ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याचा विचार आहे. ग्रुपवर पीडीएफ टाकून तो भाग ‘झाला’ असे मानणारे सहकारी मला भेटतात, आणि त्यांच्याशी माझे पटत नाही.

आणखी एक काळजी घ्यावी. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो, आणि काही मुलींच्या घरी तो विषय नाजूक असतो. टेलिग्राममध्ये क्रमांक लपवण्याची सोय आहे, ती कशी वापरायची हे मी वर्गातच दाखवते.

माझ्या वर्गात दोघांकडे स्वतःचा फोन नाही. त्यामुळे टेलिग्रामवर रात्री टाकलेला प्रश्न सकाळी फळ्याच्या कोपऱ्यातही लिहिलेला असतो, आणि त्याची चर्चा तास संपण्याच्या सुमारास होते, तोवर त्या दोघांनीही तो वहीत सोडवलेला असतो.