फ्लूच्या स्मृतिपेशी आणि मुलीचे पुढील शिक्षण

आदरणीय महोदय,

आपली कन्या नागपुरात बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या अंतिम वर्षाला असून फ्लूविरुद्धच्या टी पेशींच्या स्मृतीवर, म्हणजे या रोगप्रतिकारक पेशी एकदा भेटलेला विषाणू कसा लक्षात ठेवतात यावर, संशोधन करायचे म्हणते. त्यापेक्षा डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून लवकर नोकरीला लागणे बरे नाही का, असे आपण विचारले आहे.

विषय तिने चांगला निवडला आहे. इन्फ्लुएन्झा विषाणूच्या पृष्ठभागावरील हेमॅग्लुटिनिन हे प्रथिन सतत बदलत राहिल्याने जुनी प्रतिपिंडे अपुरी पडतात आणि लसही वारंवार बदलावी लागते. टी पेशी मात्र न्यूक्लिओप्रोटीनसारखी, तुलनेने स्थिर अशी आतली प्रथिने ओळखतात, त्यामुळे त्यांची स्मृती टिकली तर संसर्ग टळला नाही तरी आजाराची तीव्रता कमी होऊ शकते. ही स्मृती घडवण्यात सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचा मोठा वाटा असतो. सुरुवातीला इंटरल्यूकिन-12 या सायटोकाइनचा जोर अधिक असेल तर टी पेशी अल्पायुषी मारक पेशी होण्याकडे झुकतात, स्मृतिपेशींना पुढे तग धरण्यासाठी इंटरल्यूकिन-7 आणि 15 लागतात, तर टीजीएफ-बीटा या आणखी एका सायटोकाइनच्या प्रभावाने काही पेशी फुप्फुसातच वस्ती करतात. उंदरांमध्ये ही फुप्फुसातील फौज काही महिन्यांतच रोडावते, आणि ती टिकवायची कशी, यावर अजून पुष्कळ काम व्हायचे आहे.

कोणता रेणू केव्हा, किती आणि कशाच्या जोडीने पोहोचला यावर येथे सारे ठरत असल्यामुळे तिला फ्लो सायटोमेट्रीइतकेच (पेशी एकेक करून तपासण्या-मोजण्याच्या तंत्राइतकेच) संख्याशास्त्रही पक्के लागेल. केवळ पाठांतरावर गुण मिळवणाऱ्यांची (आपल्याकडे ते पुष्कळ असतात) या क्षेत्रात लवकर दमछाक होते.

जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षांमधून एम.एस्सी., नंतर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग पीएच.डी., असा हा मार्ग आहे. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा 37,000 रुपये मिळतात. तोवरची वर्षे मात्र घरालाच सांभाळावी लागतील. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. नागपुरातील राष्ट्रीय वन हेल्थ (माणूस, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार) संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली असली, तरी तिच्या भरवशावर बेत आखू नये.

घराला दोन वर्षांत तिच्या कमाईची निकड असेल तर डीएमएलटीच योग्य, परंतु ती पदविका निदान प्रयोगशाळेत नेते, संशोधनाकडे नव्हे. तशी निकड नसल्यास तिला जॅमचा अर्ज भरू द्यावा. तो साधारणतः सप्टेंबरात सुरू होतो आणि परीक्षा फेब्रुवारीत असते.