कॉकपिटमधला शेवटचा आवाज

प्रश्न: विमान अपघातातलं कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐकायला मिळतं का? निदान ट्रान्सक्रिप्ट तरी?

उत्तर: ऑडिओ बहुतेक वेळा नाहीच मिळत. अमेरिकेत तर अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेला तो जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि मला विचाराल तर ते योग्यच आहे हो, कुणाच्या तरी घरच्यांनी तो आवाज असा कुठेही ऐकावा हे बरं नाही. पण ट्रान्सक्रिप्ट मिळते. एनटीएसबीच्या साइटवर त्या अपघाताचं डॉकेट, म्हणजे चौकशीच्या कागदपत्रांची फाइल, किंवा अंतिम अहवाल शोधायचा, फ्रान्ससाठी तिथल्या अशाच संस्थेची, बीईएची साइट, एअर फ्रान्स ४४७ या विमानाच्या अपघाताचा २०१२ चा अहवाल तिथेच आहे.

एनटीएसबीची ट्रान्सक्रिप्ट वाचताना # दिसलं की समजायचं शिवी गाळलीय. १९८२ च्या एअर फ्लोरिडा ९० या विमानाच्या अपघाताची जरूर वाचा, टेकऑफच्या वेळी को-पायलट पुन्हा पुन्हा म्हणतोय की हे बरोबर दिसत नाही आणि तरी विमान थांबवलं जात नाही, मला तर तिथे पुढे वाचवेना.

पायलट आणि कंट्रोल टॉवरचं रेडिओवरचं बोलणं मात्र वेगळं, ते ऐकायला मिळतं, २००९ मध्ये हडसन नदीत उतरवलेल्या विमानाचं आहे.