चर्चमध्ये वाजवण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्षअखेरच्या मैफलीसाठी तुम्ही शिष्यवृत्तीधारकांनी इटालियन संगीतकार कोरेल्लीचा नाताळचा कॉन्चेर्तो (तंतुवाद्यवृंदासाठीची रचना) निवडला, हे वाचून मनापासून आनंद झाला. ओपस ६ या त्याच्या रचनासंग्रहातील ही आठवी रचना त्याच्या निधनानंतर, १७१४ मध्ये आम्स्टरडॅमला छापली गेली. व्हायोलिनवर तिचे स्वर तुझ्या हातात बसले आहेत. आता ज्या चर्चमध्ये ती वाजवायची आहे, त्या वास्तूचा विचार कर.

सरावाच्या खोलीत नेटकी वाटणारी द्रुत लय चर्चमध्ये गढूळ होते, कारण जाड भिंती, फरशी आणि उंच छत यांमुळे एका स्वराचा निनाद पुढच्या स्वरांवर चढतो. केवळ लय उतरवून हे सुधारत नाही. अ‍ॅलेग्रोमध्ये म्हणजे द्रुत भागात स्वर आखूड ठेव, गज तारेवरून वेळेवर सोड आणि खर्जातील चेलोला तुझ्याहूनही अधिक मोकळी जागा राखायला सांग. रिकाम्या चर्चमधील तालमीवरून मात्र अंतिम लय ठरवू नका. श्रोत्यांनी बाके भरली की माणसे आणि कपडे बराच नाद शोषून घेतात.

वीस मीटरवरचा आवाज सेकंदाच्या सुमारे सहा शतांश भाग उशिरा पोहोचतो. म्हणून मागे बसलेल्यांनी कानावर विसंबून न राहता अग्रवादकाचा गज पाहावा, आणि तुम्ही सर्वांनी शक्य तितके जवळ बसावे.

ग्रेव्हमध्ये, म्हणजे संथ, गंभीर भागात, तुला मोह होईल. तिथे कोरेल्लीने गज लांब ओढून, लिहिले आहे तसेच वाजवण्याची सूचना दिली आहे. ती पाळ आणि एकही अलंकार घालू नकोस. ते लांबलेले, एकमेकांना घासणारे स्वर अशा वास्तूत आपोआप भरून येतात, आणि माझ्या मते संपूर्ण रचनेतील सर्वांत मोठे सुख तेच आहे.

गोव्यातील चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणे ही जुनी परंपरा आहे, हेही तुला ठाऊक असावे. तिथल्या पॅरिश शाळांतून मुले स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत असत. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनवृंदाच्या शिक्षकाचेच पुत्र होते.

रंगीत तालमीच्या दिवशी जाणत्या कानाच्या एखाद्या व्यक्तीला शेवटच्या बाकावर बसव, दुसऱ्या अ‍ॅलेग्रोतील सोळांश, म्हणजे अतिजलद, स्वर वेगळे ऐकू येतात का ते विचार, आणि तिने जे सांगितले ते मला त्याच रात्री कळव.

तुझा,
गुरुजी