जारच्या पाण्याने हार्ट सुधारतं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. बाबा ६८ वर्षांचे आहेत, दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून दादा रोज २० लिटरचा मिनरल वॉटरचा जार मागवतोय, म्हणतो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनीच नसा ब्लॉक झाल्या. आईला हे पटत नाही. खरं काय?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आईचं बरोबर आहे, पण दादाला असं तोंडावर सांगू नका! कुकरच्या तळाला जो पांढरा थर धरतो ना, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, आणि तो बघून सगळ्यांना वाटतं की नसांमध्येही असंच होत असणार. तसं नसतं. ब्लॉकेज कोलेस्टेरॉलचं असतं, पुढे त्यात कॅल्शियम साचतं हे खरं, पण ते पाण्यातून येऊन थेट चिकटत नाही. उलट काही देशांतल्या अभ्यासांत जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी पिणाऱ्या भागात हृदयविकाराने मृत्यू थोडे कमी दिसले, श्रेय मॅग्नेशियमला दिलं गेलं, पण ते पक्कं सिद्ध झालेलं नाही म्हणून मी कुणाला पाणी औषध म्हणून सांगत नाही.

आता गंमत बघा, जारचं पाणी बहुतेक वेळा आरओचं असतं, म्हणजे मिनरल काढून टाकलेलं. खरं नॅचरल मिनरल वॉटर वेगळं, त्याचं स्टँडर्डसुद्धा वेगळं आहे (भारतीय मानक आयएस १३४२८, साध्या पॅकेज्ड पाण्याचं १४५४३). आणि मॅग्नेशियमच हवं असेल तर बाजरीची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे, बिनमिठाचे हं, त्यातून कितीतरी जास्त मिळतं.

सोडियमची भीती असेल तर बाटलीच्या लेबलवर आकडा बघा. लिटरला २० मिलीग्रॅम असेल तर दोन लिटरमधून ४० जातं, आणि दिवसाची मर्यादा २००० आहे, म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ. बाबांचं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ आधी बंद करा, जारचं नंतर बघू. बोअरचं पाणी मात्र एकदा लॅबमध्ये तपासून घ्या, खूप खारट लागत असेल तर नक्कीच.

आणि एक, दादा त्यांना "भरपूर पाणी प्या" म्हणून मागे लागला असेल तर थांबवा. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट काढून बघा, पंपिंग कमी लिहिलं असेल किंवा संध्याकाळी पायाला सूज येत असेल, तर दिवसाला किती पाणी चालेल ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टला विचारूनच ठरवा.