ढोल आधी, ताशा नंतर

प्रश्न : विसर्जन मिरवणूक आमच्या गल्लीच्या वळणापलीकडे असतानाच ढोल ऐकू येऊ लागतो, ताशाचा कडकडाट मात्र मिरवणूक वळून समोर आली की मगच कानावर आदळतो. तसेच दिवसा कधी न ऐकू येणारी रेल्वेची शिटी हिवाळ्यातल्या रात्री जवळूनच आल्यासारखी वाटते. ही दोन्ही अपवर्तनाची उदाहरणे आहेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शिटीचे उदाहरण अपवर्तनाचे, ढोलाचे विवर्तनाचे. तरंग दोन्हींत वळतो, म्हणून गोंधळ होतो. वळण्याची कारणे मात्र निराळी आहेत.

अडथळ्याच्या कडेवरून किंवा फटीतून जाताना तरंग आडोशाच्या बाजूलाही पसरतो, ते विवर्तन. आणि तरंगलांबी त्या अडथळ्याच्या किंवा फटीच्या आकाराशी तुल्य किंवा त्याहून मोठी असेल तेव्हा ते सर्वाधिक ठळकपणे जाणवते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने सेकंदाला १०० कंपने असणाऱ्या घुमणाऱ्या नादाची तरंगलांबी ३.४ मीटर, म्हणजे एखाद्या गल्लीच्या रुंदीएवढी भरते, तर ३४०० कंपनांच्या तीक्ष्ण आवाजाची जेमतेम १० सेंटिमीटर. म्हणून ढोल कोपऱ्यावरच्या घराला वळसा घालून येतो आणि ताशा बराचसा सरळ निघून जातो. समोरच्या भिंतींवरून परावर्तित झालेला आवाजही त्यात मिसळतो, हे खरे.

प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने वळणापलीकडची मिरवणूक दिसत मात्र नाही. प्रकाशाचे विवर्तन पाहायचे असेल, तर रात्री काळ्या छत्रीच्या ताणलेल्या कापडातून रस्त्यावरच्या दूरच्या दिव्याकडे पाहावे. एका दिव्याच्या जागी अधिकच्या चिन्हासारखी ठिपक्यांची मांडणी दिसते, आणि छत्रीचा दांडा बोटांत किंचित फिरवला की ते चिन्हही फिरते.

अपवर्तन, म्हणजे जुन्या पुस्तकांतले वक्रीभवन, वेग बदलल्यामुळे होते. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असल्याने तरंगाचा खालचा भाग पुढे सरतो आणि ध्वनी आकाशाकडे वळतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, हा क्रम उलटतो आणि वर निघालेली शिटी पुन्हा खाली वाकून आपल्यापर्यंत पोहोचते. रात्रीची शांतता मदत करतेच. परंतु तेवढेच कारण असते, तर ढगाळ रात्रीही शिटी तितकीच स्पष्ट ऐकू आली असती.