कडक गादी म्हणजेच चांगली गादी, असं कुणी सांगितलं?

मागच्या अंकात झोपेवर लिहिताना शेवटी सहज म्हटलं होतं की गादीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, तर खूप प्रश्न आले. सगळे इथे घेता येत नाहीत, सहा घेतलेत. जुन्या नाशकात रविवार कारंजाजवळ आमच्या वडिलांचं गादी भरायचं दुकान होतं, पुढे मी फोमच्या आणि स्प्रिंगच्या गाद्या विकायला लागलो, त्यामुळे लिहितोय ते सगळं हाताखालून गेलेलं आहे. आजारपणाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : वय ५२, इंदिरानगरला राहते. आठ महिने झाले कंबर दुखते, सकाळी उठताना जास्त, मग तासाभरात घरकामाला लागले की कमी होते. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. जो तो म्हणतो कडक झोप, म्हणून दीड महिना प्लायवर सतरंजी टाकून झोपतेय, आता उलट खांदा आणि मांडीची बाजू पण दुखायला लागली. मिस्टर म्हणतायत ऑर्थोची गादी आणू. आणावी का?

उत्तर : ताई, आधी ती सतरंजी उचला, आजच. तुम्ही कुशीवर झोपत असणार, कारण खांदा आणि मांडीची बाजू दुखते ती कुशीवर झोपणाऱ्यांचीच. कुशीवर पडलं की अंगाचा बराचसा भार खांदा आणि कुल्हा या दोनच ठिकाणी येतो आणि प्लाय काही दबत नाही, मग कंबर मधल्यामध्ये अधांतरी राहते आणि तिथले स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उताणं झोपलात तरी तेच, कमरेखाली पोकळी राहते. आणि फार मऊ गादी घेतली की कुल्हा खोल जातो, पाठीची झोळी होते. म्हणजे हवी ती मधली, जरा कडककडे झुकणारी.

हे फक्त माझं दुकानदाराचं मत नाही. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, बरेच दिवस कंबर दुखणाऱ्या ३१३ लोकांना घेऊन केलेला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी बघितलं तर मध्यम कडकवाल्यांचं अंथरुणातलं आणि उठतानाचं दुखणं जास्त कमी झालेलं, रोजची कामं करतानाचा त्रासही कमी. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली तरी आपल्याकडे "कडक झोपा" काही सुटत नाही. मला वाटतं हा सल्ला बाजेच्या आणि नवारीच्या पलंगांच्या काळातला आहे, ते पलंग सैल पडून मधोमध झोळ यायचा, त्यापेक्षा जमीन बरी हे तेव्हा अगदी खरं होतं. पण आता प्लायचे दिवाण आहेत, झोळ यायचा प्रश्नच नाही.

आता ऑर्थो. हा शब्द कंपनीने छापलेला असतो, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला नसतो. एका कंपनीची ऑर्थो दगडासारखी तर दुसरीची बरीच मऊ निघते, त्यामुळे नाव वाचून पैसे देऊ नका. दुकानात जा, चप्पल काढून गादीवर आडव्या व्हा, बसून हाताने दाबून काही कळत नाही. घरची उशी सोबत न्या, खरंच न्या, लाजू नका. रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर किमान १०-१५ मिनिटं पडा. मिस्टरांना मागून बघायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत कणा साधारण सरळ रेषेत दिसला पाहिजे. मग उताण्या व्हा आणि कमरेखालून हात घाला, हात आरपार सहज गेला तर गादी कडक आहे, घालताच आला नाही तर मऊ आहे, थोडा अडकत अडकत गेला तर ती तुमची. साधारण ५-६ इंचाची, खाली काथ्या किंवा कडक फोम आणि वर इंच-दोन इंच मऊ थर, अशी बहुतेकांना चालते. दुकानदार घाई करायला लागला तर सरळ उठून दुसऱ्या दुकानात जायचं.

उशीकडे पण लक्ष द्या. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याचं टोक ते कान एवढं अंतर भरून काढणारी लागते, आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एक पातळ उशी घेतलीत तर कमरेवरचा पीळ कमी होतो, याला एक रुपया खर्च नाही, आज रात्रीच करून बघा. आणि माहेरी किंवा बहिणीकडे चार दिवस झोपून बघा, तिथे सकाळी बरं वाटलं तर दोष तुमच्या अंथरुणाचा. मात्र पायाला मुंग्या येतात, पाय लुळा वाटतो, लघवीवर ताबा राहत नाही, ताप येतो किंवा वजन उतरतंय, यातलं एकही असेल तर गादीचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

प्रश्न : पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट घेतला आणि मोठ्या हौसेने मेमरी फोमची गादी घेतली. थंडीत छान वाटली, एप्रिलपासून पाठ घामाने भिजते. माझं वजन ९२, मिसेसचं ५४, मी कूस बदलली की तिची झोप मोडते. चूक काय झाली?

उत्तर : दादा, चूक म्हणजे गादी वाईट नाही, पण तुमच्यासाठी आणि नाशिकच्या उन्हाळ्यासाठी ती नव्हती. मेमरी फोम १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या कामातून निघाला, विमानातल्या सीटची गादी धक्का सोसणारी व्हावी म्हणून. त्याचा गुण हा की अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. म्हणजेच थंडीत तो कडक पडणार आणि एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या घरात गेला की मऊ पडून तुम्हाला आत घेणार, आणि अंगाभोवती सगळीकडून चिकटला की हवा खेळायला जागाच राहत नाही. ९२ किलोचा माणूस ५४ वाल्यापेक्षा खोल जातो म्हणून गरम तुम्हालाच जास्त होतं.

आत्ता लगेच फेकू नका, वर जाड सुती गादीपाट किंवा पातळ कापसाची गादी टाका, सिंथेटिक प्रोटेक्टर असेल तर काढा, बऱ्याचदा अर्धा घाम त्या प्लॅस्टिकच्या अस्तराचाच असतो. पुढे बदलायची झाली तर पॉकेट स्प्रिंग बघा. त्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे तुमच्याकडची दबली तरी मिसेसकडची जागची हलत नाही आणि मधून हवा पण खेळते. साधी बोनेल स्प्रिंग घेऊ नका, त्यात सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, एक हलली की सगळ्या हलतात. आणि वजनात एवढा फरक असेल तर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे दोन सिंगल गाद्या शेजारी शेजारी, तुमची कडक, त्यांची जरा मऊ, वरून एकच चादर. लोकांना हे कमीपणाचं वाटतं, का ते मला आजवर कळलं नाही.

पत्राच्या शेवटी फोमच्या डेन्सिटीबद्दल, म्हणजे घनतेबद्दल, पण तुम्ही विचारलंय. ३२ डेन्सिटी म्हणजे एक मीटर लांब, रुंद, उंच असा फोमचा ठोकळा ३२ किलोचा भरतो, एवढंच. ती कडकपणाची खूण नाही, ती माल किती भरलाय याची खूण आहे, जास्त डेन्सिटीचा फोम मऊ पण असू शकतो आणि सहसा तो लवकर बसत नाही. तुमच्या वजनाला ४० च्या आसपासचा बघा. आणि खात्री करायची असेल तर गादी काट्यावर ठेवायला सांगा : ७८ बाय ६०, ६ इंच, सलग एकाच फोमची गादी ३२ डेन्सिटीची असेल तर पंधरा किलोच्या जवळपास भरते, ४० ची असेल तर अठराच्या वर. काटा दहा-अकरा दाखवत असेल तर लेबलवर काही का लिहिलेलं असेना, माल कमी भरलाय.

प्रश्न : आम्ही निफाडचे. आईच्या लग्नातल्या दोन कापसाच्या गाद्या आहेत, गोळे झालेत. मुलं म्हणतात टाकून द्या. आईचा जीव त्यात आहे. काही होऊ शकतं का?

उत्तर : टाकू नका हो! कापूस कुजलेला नसेल, वास येत नसेल, तर पिंजून परत भरता येतो. आमच्या दुकानात पिंजणं होतं, धनुष्यासारखं, त्याची तात लाकडी मुठीनं छेडली की टण्ण टण्ण आवाज करत कापूस धुक्यासारखा उडायचा, मी शाळेतून आलो की दाराशी बसून तेच बघायचो आणि संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आता बहुतेक ठिकाणी मशीनवर पिंजतात, त्यालाही हरकत नाही. गोळे होतात कारण घामाचा ओलावा आणि रोजचा भार यांनी तंतू एकमेकांना धरून बसतात, पिंजल्यावर ते मोकळे होतात आणि मध्ये हवा भरते, गादी उबदार असते ती या हवेनेच, आणि निफाडच्या थंडीत, जिथे द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिथे याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. पिंजायला देताना कापूस वजन करून द्या आणि गादी भरताना समोर उभे राहा, कारण चांगला कापूस काढून गिरणीचा टाकाऊ भरणारे आहेत, मी त्यांच्यातच वाढलोय म्हणून सांगतो. पिंजताना थोडी घट येतेच, जितकी आली तितका नवीन कापूस त्यात मिसळायला सांगा. आणि टाके जवळ जवळ घ्या, वीतभर अंतराच्या वर नको, दूर टाके घेतले की कापूस सरकून परत मध्ये खड्डा. खोळ मात्र नवीन शिवा, जुन्या खोळीचा तुकडा आईंना आवडत असेल तर आतून लावून द्या.

नंतर महिन्यातून एकदा दिवसभर कडक ऊन, दुपारी पालटून दुसरी बाजू. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, दोन-तीन उन्हं चांगली दाखवा, मग पावसात कुबट वास येत नाही. आईंची पाठ दुखत असेल तर नुसत्या कापसावर भार टाकू नका, खाली काथ्याची ४ इंची आणि वर ही. हे मी माझ्या आईसाठी केलं होतं.

जाता जाता, हे उन्हाचं फक्त कापसाला आणि काथ्याला. फोम आणि लॅटेक्स (रबराची गादी) गच्चीवर उन्हात टाकायचे नाहीत, लॅटेक्स तर उन्हाने कडक होऊन भुगा होतो. त्यांना सावलीत वारा द्या.

प्रश्न : चार महिन्यांचं बाळ आहे, सासूबाईंनी मऊ मऊ गादी आणि मोहरीची उशी केलीय. डोक्याला गोल आकार येतो म्हणतात. चालेल?

उत्तर : नाही. इथे मी मधलं काही सांगणार नाही. वर्षाच्या आतलं बाळ सपाट आणि टणक गादीवर, पाठीवर झोपवायचं, उशी नाही, जाड दुलई नाही, शेजारी मऊ खेळणी नाहीत. नाकातोंडाशी मऊ काही आलं तर एवढ्या लहान बाळाला मान वळवून स्वतःला सोडवता येत नाही. डोक्याच्या आकाराचं म्हणाल तर बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. सासूबाईंनी मायेने केलंय, त्यांना प्रेमाने सांगा, हवं तर बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून सांगा.

प्रश्न : ऑनलाइन घ्यावी की दुकानातून? साइज कशी ठरवायची? (सातपूर)

उत्तर : दोन्हीकडे चांगलं मिळतं. ऑनलाइन घेतलीत तर घरी झोपून बघायची मुदत किती दिवसांची, परत न्यायला कोण येणार आणि पूर्ण पैसे मिळणार का, हे आधी वाचा. गुंडाळून खोक्यात आलेली गादी उघडल्यावर एक-दोन दिवस फुगू द्या, वास जाऊ द्या, लगेच मत बनवू नका. वॉरंटी कार्डावर वर्षांचा आकडा नका बघू, किती खोल खड्डा पडला तर ते मानतील तो आकडा बघा, आणि डाग असला तर वॉरंटी जाते हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून खोळ घाला.

साइजचं सांगायचं तर पलंग मोजा, आतल्या बाजूने, इंचात, दोन ठिकाणी. सुताराकडून करून घेतलेले दिवाण तर हमखास अर्धा-पाऊण इंच इकडे तिकडे असतात. ७२, ७५ आणि ७८ अशा तीन लांब्या बाजारात असतात, तुमच्या घरातल्या सगळ्यात उंच माणसापेक्षा किमान सहा इंच जास्त धरा. पाच फूट दहा इंच म्हणजे ७० इंच, तर ७८ घ्या, ७५ ला पाय बाहेर येतील.

प्रश्न : वडिलांना अर्धांगाचा झटका आला, अंथरुणाला खिळलेत. माकडहाडापाशी लाल झालंय. कोणती गादी आणू?

उत्तर : हे आधी घ्यायला हवं होतं, क्षमा करा. लाल झालंय म्हणजे जखम व्हायची सुरुवात आहे, आजच डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. तिथे चोळू नका, पावडर लावून झाकू नका, त्या बाजूवर भार येऊ देऊ नका. एअर गादी लागेल, पंपावर चालणारी, तिच्यातले कप्पे आळीपाळीने भरतात आणि उतरतात म्हणून एकाच जागी भार राहत नाही. सर्जिकलच्या दुकानात मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्याने पण मिळते, काही महिन्यांसाठी भाड्याचीच बरी.

पण ही गादी आणली म्हणून कूस बदलायची थांबवू नका, साधारण दर दोन तासांनी, रात्री पण, घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या. ओढून सरकवू नका, चादरीसकट उचलून सरकवा, ओढल्याने कातडी सोलते. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाच टेकणार नाही. गादीवर एकच पातळ सुती चादर पुरे, वर रबरी शीट आणि चादरीच्या तीन-तीन घड्या घातल्या तर हवेचा उपयोग जातो. आणि लाइट गेली की पंप बंद पडून हवा उतरते, म्हणून एअर गादीच्या खाली तुमची नेहमीची गादी राहू द्या, नुसत्या फळीवर ती टाकू नका.