विचारा, सांगते : गाडीतल्या घरातून कारवारचा किनारा

निपाणीहून एका वाचक भगिनीचं पत्र : माझं वय अठ्ठावन्न. मिस्टर जूनमध्ये बँकेतून रिटायर झाले. दिवाळीआधी आठ दिवस मोटारहोम भाड्याने घेऊन वेंगुर्ल्यापासून मंगळूरपर्यंत किनाऱ्याने जायचं त्यांनी पक्कं केलंय. रोजचे किलोमीटरही वहीत मांडून झालेत. मला समुद्र आवडतो. पण गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. आणि खरं सांगू का, घरची शेगडी सोडून गाडीतल्या शेगडीपुढे उभं राहायला कशाला जायचं, असंही वाटतं. चारचाकीचं लायसन आहे, पण बारा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तुम्ही दोघं असे जाता, हे मागच्या अंकात वाचलं. मी जावं का?

उत्तर : ताई, जा. फक्त ती वही घरी ठेवा.

निपाणी, वेंगुर्ला, मंगळूर आणि परत निपाणी म्हणजे हजार किलोमीटरच्या घरात हिशेब जातो. आठ दिवसांत एवढं अंतर कापायचं तर तुम्ही समुद्र काचेतून बघाल आणि मुक्कामाला अंधारात पोचाल. अंधारात पोचलं की काय होतं ते मी भोगलंय, म्हणून आधी तेच सांगते.

आमची गाडी ट्रॅव्हलर या मोठ्या व्हॅनवर बांधलेली. हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर होते, मी खानापूरला शाळेत भूगोल शिकवायची. पहिल्या खेपेला आम्हीही तुमच्या मिस्टरांसारखीच वही केली होती. कोजागिरीचा दिवस. सकाळी खानापूर सोडलं, अनमोड घाट उतरलो, गोवा ओलांडून कारवार. तिथे थांबायला हवं होतं. पण वहीत पुढचं ठिकाण लिहिलेलं, म्हणून तसेच पुढे गेलो. अंकोल्याच्या पुढे एका खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सहा वाजून गेलेले. घट्ट वाळूचा मोकळा पट्टा दिसला, पाणी कितीतरी लांब. गाडी लावली, दूध आटवलं, चंद्र वर आला. दहाच्या सुमाराला मागच्या चाकाखाली खळखळ ऐकू आली. दार उघडून बघते तर पायरीखाली पाणी. गाडी चालू केली तशी चाकं जागेवर फिरून रुतायला लागली.

जवळच्या वाडीतून सात-आठ माणसं धावत आली. दोर बांधला, चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या आणि अर्ध्या तासात गाडी डांबरावर आणली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हाताला धरून घरात नेलं, चहा दिला आणि कोकणीत जे सांगितलं ते मी तीस वर्षांत एकाही वर्गात शिकवलं नव्हतं. तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चारने भागायचा, की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अष्टमीला सहा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गाडी कुठे लावायची हे ठरवायला तेवढं पुरतं. आम्ही सहा वाजता लांब गेलेलं पाणी बघितलं ती ओहोटी होती, आणि कोजागिरी म्हणजे उधाणाची रात्र. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात वर चढतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, असतं तेव्हा कमी. कालनिर्णय भिंतीवरून काढून बरोबर घ्या. आणि वाळूवर गाडी नेऊच नका, ओहोटी असो की भरती. होन्नावरजवळ टोंक्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळू त्यांचीही आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी रुतल्याचा राग नव्हता. सबंध दिवस मी नुसती बसून होते, नकाशा त्यांच्या हातात, स्टिअरिंग त्यांच्या हातात, आणि थांबल्यावर शेगडी तेवढी माझ्या हातात, हे मला सलत होतं. सकाळी मी सरळ बोलले. हे गप्प बसून ऐकत राहिले. मग किल्ली माझ्यापुढे ठेवली. गोकर्णापर्यंत मी चालवली, तिसऱ्या गिअरच्या वर फारशी गेले नाही. तुमच्या पत्रात लायसनचं ते वाक्य वाचलं तेव्हा मला ती किल्ली आठवली. अजून वेळ आहे. रोज पहाटे तासभर निपाणी-चिक्कोडी रस्त्यावर घरची गाडी चालवा, मिस्टरांना शेजारी बसवून. भाड्याच्या कंपनीला आधीच विचारा, दोघांची नावं चालक म्हणून लिहिता येतात का. पुष्कळ ठिकाणी गाडी ड्रायव्हरसकटच देतात. तसं असेल तर दोघांची सहल तिघांची होते, हे समजून मगच पैसे भरा.

आता मार्ग. वेंगुर्ला आणि मंगळूर ही दोन्ही टोकं सोडा. कारवार ते मरवंते एवढंच घ्या, आणि जास्तीत जास्त चार मुक्काम. कारवार ते होन्नावर अंतर शंभराच्या आत आहे. आम्ही आता दिवसाला पन्नास-साठच्या वर जात नाही, आणि चार वाजता गाडी लागलेली असते. कोजागिरीची गर्दी ओसरल्यापासून वसुबारसेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. नवरात्रात आणि दिवाळीत गोकर्ण-मुर्डेश्वरला पाय ठेवायला जागा नसते. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, मध्ये येत असेल तर त्या दिवशी बेळगाव शहरातून मोठी गाडी काढू नका, मिरवणुकांमुळे रस्ते वळवलेले असतात.

घाट कुठला, हे पावसावर ठरवा. चोर्ला असो की अनमोड, पावसाळ्यात दोन्हीकडे रस्ता खचतो, मोठ्या गाड्यांना बंदी येते. निघायच्या आदल्या दिवशी वाटेवरच्या जांबोटीच्या किंवा रामनगरच्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारलेलं सगळ्यात बरं. घाट उतरताना पाण्याची टाकी भरू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते ओझं प्रत्येक वळणाला डुलतं. टाकी खाली उतरल्यावर भरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये, गाडी दुसऱ्या गिअरला सोडावी. सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाडी चालू असताना बंद पाहिजे, हे दोघांनीही बघायचं.

एक गोष्ट काळजावर दगड ठेवून लिहिते. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर महामार्गावर कोसळला. रस्त्याकडेची टपरी गेली, माणसं गेली, लॉरी गंगावळीच्या पात्रात गेली. आम्ही त्या रस्त्याने किती वेळा गेलो असू. कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी सावली बघून जेवायलासुद्धा थांबू नका. परतीचा पाऊस ऑक्टोबरात दुपारनंतर विजा घेऊन येतो. तसा दिवस दिसला तर निघूच नये. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार वादळ होतं. बंदरात बोटी परतायला लागलेल्या दिसल्या की आपणही मुक्काम वाढवायचा.

मुक्कामाला आम्ही होमस्टेचं अंगण मागतो. खोली नको, गाडी लावायला जागा, पंधरा अँपिअरचा प्लग, नळ आणि बाहेरचा संडास वापरायची परवानगी. तुमच्या-आमच्यासारख्या सीमाभागातल्यांना इथे एक गोष्ट कामाला येते. बाजारात निम्मं कानडी कानावर पडूनच आपण वाढलो. "नीरु सिगुत्ता, अक्का?" म्हणजे पाणी मिळेल का, ताई, एवढं म्हटलं की दार उघडतं. कारवार-अंकोल्याकडे कोकणी-मराठीवरही भागतं. गोकर्णात गाडी गावात घालू नका, देवळाकडच्या गल्ल्या अरुंद आहेत. बाहेर लावून रिक्षा करा. ओम बीचला वाहनतळ वर आणि समुद्र खाली, मध्ये पायऱ्या. तुमच्या गुडघ्यांना ते नको. त्यापेक्षा होन्नावरला शरावतीच्या खारफुटीत लाकडी पायवाट केली आहे, तिथे सपाटीवरून चालता येतं. जवळच्या कासरकोडच्या किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, तो स्वच्छ आहे.

रात्री उठायचं म्हणता, तर गाडी ठरवताना स्वतः आत जाऊन बघा. पलंग कायमचा आहे की बाकडी जोडून करायचा? जोडून करायचा असेल तर नको म्हणा. संडासाला कमोड आहे का, बसल्यावर गुडघा दाराला लागतो का, हे बसूनच बघायचं, लाजू नका. खालची टाकी वीसेक लिटरची असते. ती फक्त रात्रीपुरती वापरली तर तीन दिवस जाते, आणि ती रिकामी करायची ती संडासातच. खाडीत, शेतात, किनाऱ्यावर कधीही नाही. हे काम आमच्याकडे आळीपाळीने होतं. गाडीची पायरी उंच असते, म्हणून घरचा एक भक्कम पाट बरोबर ठेवा.

उकाडा असतो. कंपनीवाले एसी दाखवतात, पण बाहेरचा प्लग नसेल तर तो चालत नाही. दीडशे अँपिअर-अवर आणि बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-अवर, त्यातली साधारण निम्मीच वापरावी. एक टनाचा एसी हजार वॉट ओढतो, म्हणजे तासभरही नाही. वीस वॉटचा पंखा रात्रभर चालवला तरी दीडशेच्या आसपास लागतात. म्हणून पंखा आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना डासांची जाळी, एवढं बघा. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून डोंगराकडची खिडकी उघडी ठेवायची. खारे वारे आणि मतलई वारे मी फळ्यावर बाण काढून शेकडो मुलांना शिकवले. मतलई वारा मानेला लागला तो होन्नावरला, पहाटे तीन वाजता. ह्यांना उठवून सांगितलं. दोघंही मग दारात बसून राहिलो.

शेगडीचं आता. दिवसात गॅस एकदाच पेटवायचा, चहासोडून. निघताना कडक भाकरी, शेंगांची चटणी, मेतकूट, दही-मिरची घ्या. सकाळी हॉटेलात बन्स किंवा नीर डोसा, दुपारी खानावळीत ताट. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे ऑक्टोबरात बांगडा ताजा आणि मुबलक असतो. पण गाडीत मासे तळू नका, गादीतला वास महिनाभर जात नाही. बंदरावर घ्या आणि ज्यांच्या अंगणात गाडी लावलीय त्या अक्कांना द्या, दोन आपले, चार त्यांचे. संध्याकाळचा पिठलं-भात मिस्टरांनी करायचा. बँकेतला माणूस, मोजूनमापून करील, चांगलाच होईल. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

बेळगाव, वडगाव येथील एक तरुण वाचक : जुनी ट्रॅव्हलर घेऊन स्वतःच मोटारहोम करावी का?

उत्तर : करा, पण पत्रा कापायच्या आधी आरटीओत जा. सीट काढणं, छप्पर वाढवणं, असा मूळ रचनेत बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि तो आरसीवर चढला पाहिजे. नाहीतर अपघातात विमा अडतो. आमच्या गाडीत एका बॉडीवाल्याने पाण्याची टाकी एकाच बाजूला बसवली होती, गाडी कायम डावीकडे झुकायची. वजन दोन्ही चाकांवर सारखं पडू द्या, आणि जड सामान खाली. गॅसच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवा, गळती झाली तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खालून निघून जातो. समुद्रावरून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवायचा, त्याच दिवशी.

जांबोटीहून एक वाचक : आमच्याकडे दोनच दिवस आहेत. एकच जागा सांगा.

उत्तर : मरवंते. महामार्गाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी. सकाळी लवकर जा, वाहनं कमी असतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र चालवणाऱ्याच्या हाताला येतो, परतताना शेजारी बसलेल्याच्या खिडकीशी. तिथे दोन्ही वेळा मीच चालवते. जाताना समुद्र मला, येताना ह्यांना.